पलीकडची माणसे

शाळामास्तराला वर्षातून एखादाच प्रश्न असा भेटतो, की ज्याचे उत्तर फळ्यावर लिहिता येत नाही. मला तो दोन वर्षांपूर्वी भेटला.

सातवीच्या वर्गावर मी श्रीसप्तकोटीश्वराची हकीकत सांगत होतो. गोव्यात मांडवी नदीच्या एका बेटावर कदंब राजांच्या या आराध्यदैवताचे देऊळ होते. पोर्तुगीजांनी ते पाडले. भक्तांनी लिंग नदीपार आणले आणि पुढे १६६८ साली शिवछत्रपतींनी नदीच्या अलीकडे, नार्वे गावी, त्याचे मंदिर नव्याने बांधावयास घेतले. गोष्ट चांगली रंगली होती. मुले खूश, मीही खूश. इतक्यात खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, देव अलीकडे आला. मग पलीकडची माणसे? तीही आली का?"

"काही आली," मी म्हणालो.

"आणि बाकीची?"

तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. घंटेने आजवर पुष्कळ मास्तरांची अब्रू राखली आहे. त्या दिवशी तिने माझी राखली. पण घरी आलो तरी तो प्रश्न काही पाठ सोडीना. मी इतिहासाचा पंडित नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही, आणि लिहिल्या त्या चार कादंबऱ्या. परंतु कादंबरी लिहिणाऱ्याला एक खोड जडते. गोष्ट संपली तरी तिच्यातली माणसे पुढे कोठे गेली, काय जेवली, याची त्याला काळजी लागून राहते. ज्यांचा देव गेला, ती माणसे दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करीत होती?

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीज उरकली आणि मी पाठीला एक पिशवी लावून एकटाच निघालो. "अहो, सोबतीला कोणी तरी न्या की," असे घरातून बजावण्यात आले होते. पण बेटांवर रमतगमत हिंडायचे, तर सोबत नसलेलीच बरी. सोबतीला घड्याळ असते. पिशवीत दोन धोतरे, एक चादर, फराळाच्या डब्यातल्या चकल्या आणि डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा १९६७ सालचा ग्रंथ. गोव्याच्या दप्तरखान्यातले जुने पोर्तुगीज कागद उलगडून मराठ्यांचा इतिहास लिहिणारा हा थोर माणूस. त्याची सोबत मात्र मला पाच दिवस पुरली.

जुन्या गोव्यात बोम जेझूच्या चर्चवरून खाली उतरले, की व्हाइसरॉयची कमान लागते. लिस्बनहून आलेला प्रत्येक नवा व्हाइसरॉय या कमानीतून शहरात पाऊल टाकी. आज कमानीखालून माणसे फेरीबोट गाठायला धावत असतात. मीही धावलो. पायी माणूस म्हणून मला तिकीट पडले नाही. बोट सुटली आणि पाच-सात मिनिटांत मी दिवाडी बेटावर उतरलो.

या मुलखाचे नाव तिसवाडी. तीस वाड्यांचा तो तिसवाडी, अशी फोड सांगतात. पोर्तुगीज त्याला नुसते 'बेटे' म्हणत, आणि ते खरेच आहे. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना कुंभारजुव्याची खाडी मध्येच जोडते, त्यामुळे पणजीपासून जुन्या गोव्यापर्यंतचा सगळा भूभागच पाण्याने वेढलेला. त्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला दिवाडी, चोडण, वांशी, जुवे, कुंभारजुवे ही छोटी बेटे. समुद्र पश्चिमेला काही कोसांवर, पण त्याची भरती दिवसातून दोनदा इथवर येऊन जाते. पाणी गोडही नाही, पुरते खारेही नाही. या बेटांवर हिंडताना माझ्या हळूहळू लक्षात आले, की येथल्या इतिहासाची बरीच पाने या भरती-ओहोटीनेच उलटली आहेत.

बेटाच्या मधोमध पियदाद गावची टेकडी. वर शुभ्र रंगाचे देखणे चर्च. तेथून जुन्या गोव्याचे मनोरे, मांडवीचा वळसा आणि खाली पिवळी पडलेली भातशेते दिसतात. चर्चला लागून दफनभूमी आहे आणि तिच्यात एक लहानसे प्रार्थनाघर. मी आत डोकावलो आणि थबकलो. ही घडण चर्चची नव्हे. कोरीव दगडी जाळी, छताची ती धाटणी. कदंबांच्या काळातल्या एका देवळाचा एवढा तुकडा येथे शिल्लक राहिला आहे, आणि तो राहिला तो मेलेल्यांच्या सोबतीला.

त्या रात्री मी ज्यांच्या घरी खोली घेतली होती, त्या आजी सत्तरीच्या पुढच्या. व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसून त्यांनी माझी चौकशी केली, "तूं खंयचो रे पुता?" मी गाव सांगितले, कामही सांगितले. दफनभूमीतले देऊळ पाहून आलो म्हणालो. तेव्हा त्या सहज बोलून गेल्या, की दिवाडीचा महागणपती आता खांडोळ्याला आहे, पलीकडे. त्यांच्या सासूबाई होत्या तोवर दर चवथीला शेजारच्या हिंदू गड्याच्या हाती त्याला एक नारळ जात असे. सासूबाई स्वतः दर रविवारी मिसला जात. त्यांना त्यात काही वावगे वाटत नसे, आणि पाद्रीबाबांना कोणी सांगितले नाही. "पूण नाल्ल वतालो," आजी म्हणाल्या. पण नारळ जायचा.

दुसऱ्या दिवशी मी चालत बेटाच्या टोकाला, दिवाडीवरच्या नार्व्याला गेलो. सप्तकोटीश्वराचे मूळ ठिकाण हे. कदंब राजे आपल्या बिरुदावलीत या देवाचा वरप्रसाद लाभल्याचे अभिमानाने लिहीत. बहामनी फौजांनी हे देऊळ एकदा पाडले होते. त्या वेळी भक्तांनी लिंग शेतात पुरून लपविले. पुढे चौदाव्या शतकात विजयनगरच्या माधवमंत्र्याने गोवा घेतले आणि देवाची पुन्हा स्थापना केली. म्हणजे देवाला लपविण्याचा सराव या माणसांना पोर्तुगीजांच्या आधीपासूनच होता.

१५१० सालच्या नोव्हेंबरात, २५ तारखेला, सेंट कॅथरीनच्या सणादिवशी अल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवे जिंकले. पहिली तीस वर्षे देवळे उभी होती. मग वारे फिरले. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडण्यास सुरुवात झाली आणि १५४१ मध्ये देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविण्यात आले. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले. सप्तकोटीश्वराचे देऊळ पडले ते याच सुमारास. लिंग विहिरीवर पाणी ओढण्याच्या कामी लावले होते, असे सांगतात. डिचोलीचे नारायण शेणवी सूर्यराव यांनी ते रातोरात हलवून नदीपार नेले, अशी हकीकत आहे. आज या ठिकाणी जांभ्या दगडाची एक पुष्करणी तेवढी दिसते, पायऱ्यांची आणि कोनाड्यांची. कोनाड्यांत आता शेवाळ आहे. एका काळी त्यांत पणत्या लागत असतील. दिवाळी नुकतीच सरली होती म्हणून ते मनात आले.

या गोष्टीत एक कलम आपण मास्तर मंडळी घाईत गाळतो. देवांना आसरा मिळाला तो कोणाच्या मुलखात? अंत्रुज महाल, म्हणजे आजचे फोंडे, आणि डिचोली हे दोन्ही तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होते. चोडणची देवकीकृष्ण मयेमार्गे माशेलला गेली, महागणपती खांडोळ्याला गेला. दिवाडीचा, चोडणचा देव नदी ओलांडून आदिलशहाच्या राज्यात सुखरूप बसला. मुलांना हे सांगितले, की ती क्षणभर गप्प होतात. इतिहासाच्या तासाला असे क्षणभर गप्प होणे मला फार मोलाचे वाटते.

देव गेले; माणसांचे काय झाले? त्याचा उलगडा मला पुस्तकात झाला नाही, बांधावर झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी नदीकडेच्या बांधावरून चाललो होतो. एका बाजूला खारफुटीची झाडे आणि मांडवी, दुसऱ्या बाजूला कापणीला आलेले भात. आणि गंमत अशी, की भाताचे शेत नदीच्या भरतीच्या पाण्यापेक्षा खाली! ही गोव्याची खाजन शेती. शेकडो वर्षांपूर्वी येथल्या माणसांनी चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचे बांध घालून खाडीकडून ही जमीन मागून घेतली. पावसाळ्यात मातीतला खार धुऊन जातो, मग कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात पेरतात. बांधाला जागोजाग दारे ठेवलेली असतात, त्यांना मानस म्हणतात. एक म्हातारे शेतकरी तेथे मासळीचे जाळे तपासत होते. मी विचारले, "बाबा, हे दार उघडते-मिटते कोण?" ते हसले. "उदकच धांपता, उदकच उगडटा." भरती चढली, की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने लाकडी दार आपोआप मिटते. ओहोटी लागली, की आतले पाणी त्याला ढकलून उघडते आणि शेताचा निचरा होतो. यंत्र नाही, चाक नाही, पहारेकरी नाही. मात्र बांधाला पहारा लागतो. खेकडा भोक पाडतो, भोकाचे भगदाड होते, आणि एकदा खारे पाणी शेतात शिरले की पुढचे काही पावसाळे ती जमीन रुसते.

या बांधांची राखण गावकारीकडे असे. जमीन कोणा एकाची नव्हे, गावच्या मूळ घराण्यांची सामाईक. बांध सांभाळायचा सर्वांनी, उत्पन्नातला वाटा, म्हणजे झोण, घ्यायचा सर्वांनी. पोर्तुगीजांनाही ही व्यवस्था मोडता आली नाही. १५२६ साली अफोन्सो मेशियाने गावकारीचे रिवाज एका सनदेत लिहून काढले. तिच्या आरंभीच सांगितले आहे, की पूर्वी चार माणसांनी येऊन ओसाड पडलेले बेट लागवडीस आणले.

तेथे बांधावर बसून मी चकली खाल्ली आणि त्या मुलीच्या प्रश्नाचा हिशेब मांडला. देवाबरोबर जायचे, तर धर्म राहतो, पण जमीन सुटते, बांध सुटतो, परक्या मुलखात कूळ म्हणून राहावे लागते. राहायचे, तर देव सुटतो, नाव बदलते, चौकशीचे भय रात्रंदिवस डोक्यावर. पण शेत राहते. एकाच घरातले दोघे भाऊ दोन वाटांनी गेले असतील. जो गेला त्याने देव राखला. जो राहिला त्याने बांध राखला. तो राहिला नसता, तर दोन पावसाळ्यांत दिवाडीची शेते खाडीने परत घेतली असती. गेलेल्याच्या गोष्टी आपण सांगतो. राहिलेल्याची गोष्ट सांगताना आपल्या आवाजात कोठे तरी 'तो बाटला' असा सूर येतो. माझ्याही येत होता. मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

म्हणून जुलूम सौम्य करून सांगावा, असे मला म्हणावयाचे नाही. देवळे पाडली ती पाडलीच. इन्क्विझिशनने माणसे जाळली हेही खरे. मधली चार वर्षे सोडली, तर ते १८१२ पर्यंत चालले. पण जुलूम ज्यांच्यावर झाला, त्यांत राहिलेलेही होते, हे विसरून चालणार नाही.

चौथ्या दिवशी चोडणला गेलो. या बेटाच्या पश्चिम टोकाला खारफुटीत १९८८ पासून डॉ. सालीम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. खंड्या आणि बगळे पाहत अर्धा दिवस कोणतेही काम न करता घालविला, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. तेथून कुंभारजुव्याला. येथे गणेशोत्सवात सातव्या दिवशी होड्या जोडीजोडीने बांधून, वर फळ्या टाकून 'सांगोड' करतात आणि गणपती खाडीतून मिरवीत नेतात. याच खाडीत मगरी आहेत. पलीकडच्या दुर्भाटाला पौषी अमावास्येस चिखलाची मगर करून तिची पूजा होते. त्याला 'मानगे थापणी' म्हणतात. आणि दिवाडीला ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी 'बोंदेरा' असतो. पोर्तुगीज अमलात वाड्यांच्या हद्दीचे तंटे मिटविण्यासाठी सरकारने निशाणे रोवली. लोकांनी ती पाडून टाकली. आज त्या भांडणाचा सण झाला आहे, आणि खोट्या बंदुकांतून फळे मारून मुले निशाणे पाडतात. भांडणाचा सण करणारी माणसे मला शहाणी वाटतात.

पाचवा दिवस जुव्याचा. शाकेचो जुंवो, म्हणजे भाजीचे बेट, असे याला म्हणतात. येथली लांब भेंडी सगळ्या गोव्यात नावाजलेली. मात्र मराठी माणूस येथे येतो तो भेंडीसाठी नव्हे. १६८३ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. येसाजी कंकांनी किल्ला झुंजविला, संभाजी महाराज स्वतः मदतीला धावले, आणि व्हाइसरॉयला हात हलवीत परतावे लागले. लगेच, २४ नोव्हेंबरच्या रात्री, ओहोटी साधून मराठ्यांची टोळी या बेटावर उतरली आणि तिने टेकडीवरचा किल्ला घेतला. जुन्या गोव्याचे शहर येथून हाकेच्या अंतरावर! सकाळी व्हाइसरॉय फौज घेऊन चालून आला, मार खाल्ला, दंडात गोळी लागली, आणि कसाबसा पाण्यातून निसटला. तारीख २५ नोव्हेंबर, तीच सेंट कॅथरीनची. गोवे जिंकल्याचा सण ज्या दिवशी पाळायचा, त्याच दिवशी गोवे जाण्याची वेळ आली.

पळणाऱ्यांच्या मागे संभाजीराजांनी घोडा पाण्यात घातला. तोवर भरती चढली होती. घोडा वाहू लागला, तेव्हा खंडो बल्लाळांनी उडी घेऊन राजांना वाचविले, असे परंपरा सांगते. इकडे जखमी व्हाइसरॉय बोम जेझूमध्ये गेला, फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडविली, आपला राजदंड संताच्या हाती ठेवला आणि राज्य तूच राख म्हणून विनविले. त्यानंतर थोड्याच दिवसांत औरंगजेबाचा शहजादा शाहआलम मोठी फौज घेऊन रामघाटाने खाली उतरल्याची खबर आली आणि महाराजांना माघारी वळावे लागले. गोव्यात त्याचे श्रेय संताला गेले. मोगलांना कोणी मेणबत्ती लावली नाही.

त्या किल्ल्याच्या पडक्या तटाशी आज येशूचा मोठा पुतळा उभा आहे. खाली खाडी भरत होती. मी तेथे बसून घोड्याचा विचार केला. वर्गात मी हा प्रसंग नेहमी आवेशाने सांगतो, पण त्या किल्ल्याखालच्या वाड्यांतल्या लोकांचे त्या रात्री काय झाले असेल, हे कधी मनात आले नव्हते. जिंकणारा आणि हरणारा दोघेही निघून जातात. बांधावर राहणाऱ्यालाच दुसऱ्या दिवशी भरती मोजावी लागते.

परतताना पुन्हा दिवाडीवर येऊन नार्व्याच्या बोटीने पलीकडे उतरलो. सप्तकोटीश्वराचे मंदिर झाडीत, डोंगराच्या कुशीत, अगदी साधे. कौले, घुमट, पुढे दीपस्तंभ. जीर्णोद्धार होऊन २०२३ साली ते पुन्हा खुले झाले आहे. दारावर शिलालेख आहे. शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, श्रीशिवरायांच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ. म्हणजे ऐन दिवाळी उलटून वीसेक दिवस. गाभाऱ्यात ते पैलूदार लिंग. पुजाऱ्यांनी तीर्थ दिले. बाहेर येऊन पाहिले, तो झाडीपलीकडे नदी, आणि नदीपलीकडे दिवाडी. गोकुळाष्टमीला येथे नदीवर स्नानाला मोठी गर्दी लोटते. पण माझे लक्ष पलीकडच्या शेतांकडे होते. काही हिरवी-पिवळी होती, काही नुसती पाण्याखाली. बांध फुटले आहेत. डागडुजीला माणसे उरली नाहीत. मुले पोर्तुगालला, इंग्लंडला गेली. आजींची दोन्ही मुले तिकडेच आहेत. साडेचारशे वर्षांपूर्वी जे राहिले, त्यांची नातवंडे आता निघाली आहेत, आणि या वेळी त्यांना कोणी हाकललेले नाही.

सुट्टी संपून शाळा उघडली. ती मुलगी आता आठवीत होती. मधल्या सुट्टीत मी तिला बोलावले, फळ्यावर नदी काढली, बांध काढला, मानस काढले, आणि दार कसे मिटते ते समजावले. मग गेलेल्यांची आणि राहिलेल्यांची हकीकत सांगितली. नारळाचीही सांगितली. तिने सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "सर, आता नारळ कोण पाठवतं?"

आजींना हे विचारायचे माझ्याकडून राहूनच गेले होते. तसे तिला सांगितले. घंटा व्हायला अजून बराच अवकाश होता.